रुमालाखालचा सौदा : बाजार समिती नेमकी कशासाठी जन्मली?

फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेऊन विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. हाती येणाऱ्या ५१२ रुपयांतून गाडीभाडे, हमाली आणि तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. उरलेल्या २ रुपये ४९ पैशांपोटी त्याला २ रुपयांचा धनादेश देण्यात आला, तोही पुढच्या तारखेचा. त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर फिरले.

बहुतेकांचे लक्ष त्या २ रुपयांवर खिळले. इतिहासाच्या वाचकाने पाहावे ते मात्र पट्टीतील वजावटींकडे आणि धनादेशावरील तारखेकडे. भाव कोणासमक्ष ठरला, वजन कोणी केले, काय काय कापले आणि पैसे कधी दिले, या चार प्रश्नांसाठीच सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात एक कायदा करण्यात आला होता. पुढे देशभर पसरलेल्या बाजार समित्यांचे मूळ त्या कायद्यात आहे. हा धागा त्या मुळाविषयी, आणि त्या कायद्यात राहून गेलेल्या एका जागेविषयी.

कायद्यापूर्वीचा बाजार कसा होता? सुगी झाली की शेतकरी गाडी जुंपून पेठेच्या गावी येई. गाडी सुटे ती ओळखीच्या अडत्याच्या दुकानासमोर. हा अडत्या कागदोपत्री शेतकऱ्याचा माणूस, म्हणजे त्याच्या वतीने माल विकून देणारा. पुष्कळदा पेरणीच्या वेळी बी-बियाण्यासाठी उचल त्यानेच दिलेली असे, त्यामुळे माल दुसऱ्याच्या दारी नेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. माल उतरला की खरेदीदारांची माणसे येत आणि नमुना म्हणून मूठ-मूठ, ओंजळ-ओंजळ उचलून नेत. सौदा होवो वा न होवो, नमुना काही परत येत नसे.

मग रुमाल निघे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात हातात घेत, त्यांवर उपरणे किंवा रुमाल टाकला जाई, आणि आत बोटे दाबून आकडे सांगितले जात. किती बोटे धरली यावर रुपये, कोणत्या खुणेने आणे, हे त्या दोघांनाच ठाऊक. यालाच हत्ता पद्धत म्हणत. जवळच बसलेल्या मालधन्याला दिसे ती फक्त कापडाची हालचाल. थोड्या वेळाने अडत्या हात बाहेर काढी आणि भाव सांगे. आत नेमका हाच आकडा ठरला होता का, हे विचारण्याची सोय नव्हती आणि पडताळण्याचे साधनही नव्हते.

या पद्धतीच्या बाजूने व्यापारी एक युक्तिवाद करीत आणि तो अगदीच पोकळ नव्हता. एका खरेदीदाराची बोली दुसऱ्याला कळत नसल्यामुळे प्रत्येकजण आपल्या कुवतीइतका भाव देतो, असे ते म्हणत. बंद पाकिटातील निविदांचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की निविदेचे पाकीट शेवटी सर्वांसमक्ष फोडले जाते. इथे ते कधीच फुटत नसे, आणि ज्याच्या मालाची निविदा त्यालाच आत काय होते ते कळत नसे.

भाव ठरल्यावर वजन. वजनात कडता, म्हणजे माती-कचरा, ओल, पोत्याचे वजन यांच्या नावाखाली काही शेर आधीच उणे. त्यानंतर पैशांतून अडत, दलाली, हमाली, तोलाई. मग धर्मादाय, पांजरपोळ, गोशाळा, एखाद्या देवळाचा दिवा. ही शेवटची यादी विशेष पाहण्याजोगी आहे. दानाचे पुण्य आणि नाव पेठेचे, पैसे गाडीवाल्याचे.

महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पूर्ण झाला. भाजीपाला घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची जकात आणि दलाली यांत काय गत होते, याचे चित्र त्यात आहे. ते वाचताना सोलापूरची पट्टी आठवल्यावाचून राहत नाही. फुल्यांनी हे दुरून पाहिलेले नव्हते; पुण्याच्या नगरपालिकेत ते सभासद होते. पुण्यात नवी भव्य मंडई बांधण्यावर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. ती मंडई १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडली. आज त्या इमारतीला त्यांचेच नाव आहे. इतिहासाला असे विनोद करण्याची खोड असते.

त्याच १८८६ साली पुण्यापासून शेकडो मैलांवर, आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे, एक वेगळी गोष्ट घडली. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने तेथील कापसाच्या बाजाराला सरकारी नियम लागू झाले. भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंजाचा उल्लेख केला जातो. वऱ्हाडचा आदेश हैदराबादहून का, असा प्रश्न पडेल. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला असला, तरी प्रदेश नावापुरता निजामाचाच होता. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत लावावे लागत.

आणि कापूसच का? १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. अमरावतीच्या, म्हणजे उमरावतीच्या, नावावरून ‘उमरा’ ही कापसाची जात लिव्हरपूलच्या बाजारात ओळखली जाऊ लागली. पण गिरणीवाल्यांची तक्रार कायम होती : माल भेसळीचा, ओला, वजनाला खोटा. तेव्हा बाजाराला शिस्त लावण्याची निकड सरकारला वाटली ती आधी मँचेस्टरसाठी. शेतकऱ्याचे हित त्यात आले, पण मागच्या दाराने.

१८९७ मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ झाला. नावात धान्य आहे हे लक्षात घ्यावे. अन्नधान्य विकणाऱ्याला संरक्षण देणारा या देशातील हा सुरुवातीचा कायदा. बाजार अधिसूचित झाले. दलाल, मापारी यांना परवाने लागू लागले. वजने तपासण्याची व्यवस्था झाली. फी किती घ्यायची, ती कोणी घ्यायची, हे नियमांनी ठरू लागले. पुढे देशभर जे कायदे झाले त्यांचा साचा हाच.

या कायद्याची अंमलबजावणी करायला एक समिती होती. पाच किंवा अधिक सभासद, नेमणूक कमिशनरकडून. त्यांपैकी दोन नगरपालिकेचे प्रतिनिधी. बाकीचे कोण?

बाकीचे कापसाचे व्यापारी.

ज्याच्या गाडीसाठी कायदा, त्याला समितीत एकही जागा नव्हती. तराजूवर देखरेख कोणी करायची, तर तराजूच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्याने. हे कोणाच्या कारस्थानातून झाले असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने बाजार जाणणारा माणूस म्हणजे व्यापारी. शेतकरी हा बाजारात येणारा, बाजार चालवणारा नव्हे. परंतु बाजार समित्यांचा पुढचा सगळा इतिहास या एका गृहीतकाशी भांडण्यात गेला.

१९१७ मध्ये नेमलेल्या भारतीय कापूस समितीने वऱ्हाडच्या धर्तीवर इतर प्रांतांतही बाजार असावेत अशी शिफारस केली. मुंबई प्रांताने १९२७ मध्ये आपला कापूस बाजार कायदा केला आणि त्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीवर जागा मिळाली. वऱ्हाडच्या कायद्यानंतर तीस वर्षांनी.

याच सुमारास लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोग देशभर फिरत होता. १९२८ मध्ये त्याचा अहवाल आला. शेतमालाच्या विक्रीवरील त्यातील प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे, कारण वर सांगितलेली प्रत्येक लबाडी त्यात नोंदलेली आहे : वजनमापातील फेरफार, धर्मादायाच्या नावाखालील कपात, मोफत नमुने, गुप्त सौदे.

आयोगाने वजनांबद्दल दिलेला एक दाखला खानदेशचा आहे. पूर्व खानदेश जिल्ह्यातील १९ बाजारांची पाहणी झाली, तेव्हा तेथे १३ वेगवेगळ्या वजनांचे मण आढळले. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा मण यांत तिपटीहून अधिक अंतर होते. म्हणजे एका गावात मणाचा भाव ऐकून शेतकरी दुसऱ्या गावी गेला, तर त्या आकड्याचा त्याला काडीइतका उपयोग नव्हता. भाव कळूनही न कळल्यासारखा. खोटे वजन ही एका दुकानदाराची लबाडी झाली. वेगवेगळी वजने ही सबंध व्यवस्थेने घातलेली पडदानशीनी. त्यापुढे रुमालसुद्धा लहान वाटतो.

आयोगाने आणखी एक निरीक्षण नोंदवले आणि ते बाकी सर्वांहून खोल आहे. शेतकऱ्याचा अडत्या त्याच्यासाठी जोरात का भांडत नाही? कारण समोरचा खरेदीदार त्याला रोज भेटतो, आणि शेतकरी वर्षातून एखाद-दोनदा. येथे कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्नच येत नाही. रोजच्या संबंधांचे वजन प्रसंगोपात्त संबंधापेक्षा जड असते, एवढेच. सज्जन अडत्याकडूनही तेच होणार. म्हणून केवळ लबाडांना शिक्षा करून हा दोष जात नाही.

१९३५ मध्ये केंद्र सरकारने शेतमाल विक्रीसाठी स्वतंत्र सल्लागार कार्यालय उघडले, १९३७ मध्ये प्रतवारीचा कायदा होऊन ‘अ‍ॅगमार्क’ची मुद्रा आली. आणि १९३९ मध्ये मुंबई प्रांताने कापसाची मर्यादा ओलांडून सर्व शेतमालासाठी ‘कृषी उत्पन्न बाजार कायदा’ केला. त्या काळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. त्याच वर्षी पंजाबात सर छोटूराम यांच्या पुढाकाराने तसाच कायदा झाला आणि व्यापारी वर्गाने त्याला कडाडून विरोध केला; समितीत शेतकऱ्यांचे बहुमत हे तेथे वादाचे मुख्य कारण होते.

आता धान्य, गूळ, मिरची, हळद, कांदा असा सगळा माल या छत्राखाली येण्याची वाट मोकळी झाली. रुमाल गेला, उघडा लिलाव आला. मालाच्या ढिगाभोवती खरेदीदार उभे राहतात, बोली मोठ्याने पुकारली जाते, आकडा सर्वांच्या कानांवर पडतो. आज लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगेपुढून सरकत जाणारा लिलाव पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण उपरण्याकडे टक लावून बसलेल्या माणसाच्या नातवाने आपल्या मालाचा भाव ओरडून सांगितला जाताना प्रथमच ऐकला, ही लहान गोष्ट नव्हती.

कायद्याने आणखी एक बारीक काम केले. ‘व्यापारी सूट’ या नावाखाली जे जे कापले जाते, त्याची व्याख्याच करून ठेवली आणि नियमांत बसेल त्याखेरीज कोणतीही सूट घेता येणार नाही असे बजावले. धर्मादाय द्यायचा असेल तर आपल्या खिशातून द्या, असा त्याचा सरळ अर्थ. वजनांचा गोंधळ पुरता मिटायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि खानदेशचे १३ मण एका किलोत विरघळले.

राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्राने १९६३ चा कायदा केला. तो १९६७ पासून अमलात आला. समितीच्या रचनेत १८९७ चा हिशेब पार उलटला. निवडून येणाऱ्या १८ जागांपैकी १५ शेतकऱ्यांच्या, त्यांत ११ सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून आणि ४ ग्रामपंचायतींच्या. व्यापारी-अडत्यांना २ आणि हमाल-तोलाऱ्यांना १. हमालांची ती एक जागा सहज मिळालेली नाही. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांचे माथाडींचे संघटन आणि १९६९ चा माथाडी कायदा हा त्याच साखळीतील आणखी एका दुर्बळ घटकाचा इतिहास आहे. शेतकऱ्याच्या पट्टीतील ‘हमाली’ हा शब्द वाचताना त्या पाठीवरचे ओझेही आठवावे.

व्यापारी अल्पसंख्य झाले, वजन खरे झाले, लिलाव उघडा झाला, पैसे त्याच दिवशी चुकते करण्याचा दंडक आला. तरी सोलापूरची पट्टी निघतेच. का?

एक कारण आवाराच्या आत आहे. लिलाव उघडा असला तरी बोली लावणारे किती, यावर सगळे अवलंबून. परवाना मिळालेले खरेदीदार मोजके, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसणारे. त्यांनी आधी चहा पिताना भाव ठरवला, तर तो कितीही मोठ्या आवाजात पुकारला तरी रुमालाखालचाच राहतो. कायद्यानुसार शेतमाल आवारातच विकायचा, म्हणजे या मोजक्यांनाच विकायचा. संरक्षणासाठी घातलेले कुंपण विकणाऱ्यालाच आत कोंडू शकते, हे पुढच्या काळात अनेकांनी मांडले. शरद जोशी यांनी तर कांद्याच्या आंदोलनापासून वेगळाच रोख धरला : भाव पाडणारा सर्वांत मोठा हात सरकारचा, निर्यातबंदीचा. त्यांचे म्हणणे पूर्ण मान्य नसणाऱ्यालाही कांद्याच्या बाबतीत ते खोडून काढणे अवघड जाते.

दुसरे कारण आवाराबाहेर, शेतात आणि घरात आहे. गाडी परत नेण्याची ताकद. भाव पसंत नाही म्हणून माल न विकता परतायचे, तर परतीचे भाडे हवे, साठवायला जागा हवी, घरखर्चाला पैसा हवा आणि माल टिकाऊ हवा. हिवाळ्यात निघणारा लाल कांदा टिकत नाही. चाळीत महिनोन्‌महिने राहतो तो उन्हाळी. फेब्रुवारीत लाल कांदा घेऊन आलेल्या माणसाला समोरचा जो भाव सांगेल तो घ्यावाच लागतो, मग लिलाव काचेइतका पारदर्शक का असेना. सोलापूरच्या त्या पट्टीतील भाडे, हमाली, तोलाई यांतील एकही बाब मुळात बेकायदा नव्हती. माल हलक्या प्रतीचा होता असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते, आणि ते खरेही असू शकेल.

हे दुसरे कारण अभ्यासकांना फार पूर्वीच उमगले होते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. गोरवाला समितीत धनंजयराव गाडगीळ हे सभासद होते. १९५१–५२ मध्ये शेतकऱ्याच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. बाकी बहुतांश सावकार आणि व्यापारी. ज्याचे कर्ज त्याचाच माल, ही गाठ सोडवल्याखेरीज बाजार सुधारणार नाही, म्हणून पतपुरवठा, विक्री आणि गोदाम यांची एकत्र बांधणी करावी असे समितीने सुचवले. गोदाम महामंडळे त्यातूनच उभी राहिली. महाराष्ट्रात १९९० पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालते : सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवा, किमतीच्या काही हिश्श्याइतके कर्ज घ्या आणि भाव वाढल्यावर विका. जेथे ती नीट चालते तेथे शेतकऱ्याला गाडी न उतरवण्याचा अधिकार प्रथमच मिळतो. पण टोमॅटो, मेथी, लाल कांदा गोदामात ठेवता येत नाहीत. ज्यांना थांबण्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच थांबता येत नाही.

तिसरे कारण सर्वांत अवघड, आणि ते समजून घ्यायला पुन्हा त्या देशाकडे जावे लागते ज्याच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कायदा झाला होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये किराणा आणि भाजीपाला मोजक्या सुपरमार्केट कंपन्यांच्या हाती एकवटला होता. २००० साली तेथील स्पर्धा आयोगाने चौकशी केली. भाजी, मांस, दूध पुरवणाऱ्या लहान उत्पादकांशी या कंपन्या कशा वागतात, याची जी जंत्री बाहेर आली ती वाचताना कारंजाची पेठ आठवते : दुकानातील मांडणीवर जागा हवी तर पैसे द्या, ठरलेला भाव मागाहून कमी करा, आमच्या जाहिरातीचा खर्च सोसा, न खपलेल्या मालाचा भुर्दंड तुमच्यावर. पांजरपोळ नव्हती, इतकेच.

या चौकशीनंतर २००२ मध्ये चार मोठ्या कंपन्यांसाठी आचारसंहिता आली. ती फसली, आणि फसण्याचे कारण शिकण्यासारखे आहे. तक्रारीच येईनात. अन्याय थांबला म्हणून नव्हे. तक्रार करणाऱ्याला उद्याही माल त्याच कंपनीला विकायचा होता. पुरवठादारांमधील या धास्तीच्या वातावरणाची नोंद आयोगाने २००० सालीच करून ठेवली होती.

म्हणून २०१३ मध्ये ब्रिटनने किराणा संहितेसाठी स्वतंत्र न्यायनिर्णायक नेमला. १ अब्ज पौंडांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या. संशयास वाव असेल तर त्याला स्वतःहून चौकशी हाती घेता येते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रारदाराचे नाव उघड करण्यास कायद्यानेच मज्जाव आहे. २०१६ च्या जानेवारीत टेस्कोविषयीचा चौकशी अहवाल आला. पुरवठादारांचे पैसे कंपनीने अवाजवी काळ अडकवून ठेवल्याचे त्यात सिद्ध झाले. दंड मात्र करता आला नाही, कारण दंडाचा अधिकार त्या घटनांनंतर मिळाला होता. २०१९ मध्ये युरोपीय संघानेही निर्देश काढला आणि नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले. युरोपातील शेतकऱ्याला ३० दिवसांसाठी झगडावे लागले, आणि आपल्याकडे त्याच दिवशीचा दंडक कागदावर कित्येक दशकांपासून आहे. पुढच्या तारखेचा धनादेश त्या कागदाला विचारत नाही.

आता महाराष्ट्रातील तक्रारीची वाट पाहावी. १९६३ च्या कायद्यात खरेदीदार-विक्रेत्यांमधील वाद मिटवण्याची सोय आहे. वजन, प्रत, वजावट, पैसे अशा सर्व वादांसाठी. तो वाद ऐकणारी समिती बाजार समितीच्याच सभासदांतून बनते. शेतकऱ्यांचे १५ प्रतिनिधी असताना त्यात वावगे काय, असे कोणी विचारील. पण त्या १५ जणांना निवडून देणारे सामान्य शेतकरी नव्हते. मतदार होते सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. बाजार समिती तालुक्याच्या राजकारणाची पायरी झाली ती येथून. नावाने शेतकरी असलेला सभासद आणि पेठेतील बडा अडत्या एकाच पंक्तीला बसणे अवघड राहिले नाही. अनेक समित्यांनी चांगली कामेही केली, हे विसरू नये. परंतु रचना ही अशी होती.

२०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. वास्तविक अडत कोणाच्या पट्टीत लिहिली जाते याने शेवटी फारसे बिघडत नाही, खरेदीदार तेवढी बोली कमी लावू शकतो, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. पण फरक काहीच पडत नसता तर बंद कशाला पुकारला असता, हा साधा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.

२०१७ मध्ये त्याहून मूलभूत बदल झाला. किमान १० गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला बाजार समितीच्या निवडणुकीत थेट मताधिकार मिळाला. १८९७ मध्ये ज्याला समितीत जागा नव्हती, त्याच्या हातात १२० वर्षांनी मतपत्रिका आली. निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपणार नाही अशी ओरड झाली, आणि २०२० मध्ये सरकार बदलल्यावर हा मताधिकार काढून पुन्हा जुनी पद्धत आणण्यात आली.

त्याच २०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे केले. त्यांतील एकाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील व्यापार सर्वत्र खुला केला. दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर बसले. पंजाबच्या शेतकऱ्याला आवार म्हणजे हमीभावाने होणारी सरकारी खरेदी. महाराष्ट्राच्या कांदा उत्पादकाला आवार म्हणजे मोजके परवानाधारक. दोघे एकाच शब्दाकडे पाहत होते, पण दोघांच्या आजोबांचा अनुभव वेगळा होता. त्यामुळे महाराष्ट्रातील शेतकरी संघटनांत याविषयी एकमत नव्हते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते कायदे मागे घेतले गेले. सोलापूरचा धनादेश त्यानंतर पंधरा महिन्यांनी निघाला; त्या व्यापाऱ्याचा परवाना बाजार समितीने १५ दिवसांसाठी निलंबित केला.